‘मला नाही आवडत बाई कार्टून!’

मैत्रिणींनो, वरचं वाक्य माझंच आहे. आणि ते मी एकदा नाही, शंभरदा म्हटलेलं आहे. कधी भाकरी थापता थापता, कधी कपडे वाळत घालताना, आणि एकदा तर इतक्या रागानं की त्याची आठवण झाली की अजून मान खाली जाते. ते सगळं सांगतेच. पण आधी एक विचारू? तुमच्याही घरात एखादं मोठं झालेलं मूल दार लोटून, कानाला इअरफोन लावून जपानी चित्रमालिका बघत बसतं का? आणि ‘अगं, घोडी झालीस, अजून कार्टून काय बघतेस?’ असं तुम्ही उंबऱ्यातूनच ओरडता का? ओरडत असाल, तर आजच्या गप्पा तुमच्याशीच.

आम्ही शहापूरचे. ह्यांचं बाजारपेठेत भुसाराचं दुकान आहे. माझं माहेर मुरबाडचं. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि एकुलती एक लेक. लेक सकाळी रिक्षानं आसनगाव स्टेशन गाठते आणि लोकलनं कल्याणला कॉलेजात जाते. बारावीच्या वर्षी तिचं बोलणं एकाएकी कमी झालं. आली की जेवायचं, दार लोटायचं, आणि आतून त्या जपानी भाषेची किणकिण ऐकू यायची. मला वाटलं, पोर हातची गेली ती ह्या कार्टूनमुळंच.

एकदा चाचणीत मार्क कमी आले. माझा तोल गेला. तिची एक चित्रांची वही होती. मोठ्या डोळ्यांच्या मुली, उभ्या केसांची मुलं, असलं काहीबाही ती त्यात काढायची. ती वही मी सरळ रद्दीत घातली आणि रद्दीवाला ती किलोच्या भावानं घेऊन गेला. दोन वर्षांची चित्रं होती त्यात. पोर रडली नाही, भांडली नाही. नुसतं ‘बरं’ म्हणाली. पुढे महिनाभर त्या ‘बरं’खेरीज तिच्या तोंडून मला काही ऐकायला मिळालं नाही. जेवतेस का? बरं. आजीला औषध दे. बरं. बायांनो, भांडणारं मूल परवडतं हो, पण ‘बरं’ म्हणणारं मूल फार जड जातं.

शेवटी एका रविवारी गवार मोडायला घेतली आणि ताट घेऊन तिच्याच खोलीत जाऊन बसले. म्हटलं, ‘एक दाखव मला. काय असतं त्यात ते तरी कळू दे.’ तिचा विश्वास बसेना. मग इतक्या उत्साहानं तिनं मोबाईल उशीला टेकवून ठेवला, म्हणता सोय नाही! तिची सगळ्यांत आवडती, जगभर नाव झालेली मालिका तिनं लावली. ‘अटॅक ऑन टायटन’, २०१३ सालची. पहिला भाग संपता संपता एक भलामोठा राक्षस येतो आणि नायकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला खाऊन टाकतो.

मी गवार तशीच टाकून उठले. ‘हे बघतेस तू? आईला खातात ते?’ झालं! पुन्हा दार बंद, पुन्हा ‘बरं’.

आता नीट विचार केला की वाटतं, चूक त्या मालिकेची नव्हती. ज्यांना ती आवडते ते तिच्या पुढच्या कथेविषयी तासन् तास बोलतात. चूक वाढण्यात होती. नवा पाहुणा पानावर बसला आणि आपण पहिल्याच घासाला त्याला झणझणीत ठेचा वाढला, तर तो काय म्हणेल? ‘तुमच्याकडचं जेवण मला सोसत नाही’, असंच ना? लेकीला हे माझ्याआधी कळलं. चार दिवसांनी ओट्याशी येऊन ती म्हणाली, ‘आई, मी तुझ्यासाठी निवडलंच नव्हतं. मला आवडतं ते दिलं.’

आणि मग तिनं मला विचारलं, ‘तू लहानपणी मोगली बघायचीस ना?’

बघायचे म्हणजे काय! १९९३ ची गोष्ट. मुरबाडला आमच्या घरी तेव्हा टी.व्ही. नव्हता. रविवारी सकाळी डोक्याला तेल लावून आम्ही भावंडं शेजाऱ्यांच्या ओटीवर जाऊन बसायचो. दूरदर्शनवरचा तो हिंदी मोगली, त्याचं गुलजारांनी लिहिलेलं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत आणि शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज! लेक हसून म्हणाली, ‘आई, तो मोगली जपानी होता. निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या कंपनीनं १९८९ साली केलेला. म्हणजे तूच माझ्याआधी ॲनिमे बघितलायस.’

घ्या! म्हणजे जे मला आवडत नाही म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच्यासाठी मी एकेकाळी दर रविवारी दुसऱ्याच्या ओटीवर जागा धरत होते.

त्या दिवशी मला बऱ्याच गोष्टी नव्यानं कळल्या. ‘ॲनिमे’ हा ‘ॲनिमेशन’ शब्दाचाच जपानी लोकांनी केलेला छोटा अवतार. चित्रांना हलवून सांगितलेली गोष्ट, एवढाच त्याचा अर्थ. त्यात लढाया आल्या तसे संसारही आले. जपानात ‘साझाए-सान’ नावाची मालिका १९६९ पासून रविवारी संध्याकाळी लागते आहे. टी.व्ही.वर सगळ्यांत जास्त वर्षं चाललेली चित्रमालिका म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. तिच्यात आहे काय, तर एक गृहिणी, तिचा नवरा, मुलगा, आईवडील आणि धाकटी भावंडं अशा सात माणसांचं एकत्र कुटुंब. नवरा चक्क सासुरवाडीला राहतो! मासे जळले, पाकीट विसरलं, असल्या रोजच्या गमती. आणि ज्या शिनचॅनच्या नावानं आपण बोटं मोडली, कारण मुलं उलट उत्तरं द्यायला शिकली, तो शिनचॅन मूळचा मोठ्यांसाठीच्या साप्ताहिकातला. आपल्याकडे २००८ साली त्याच्यावर काही काळ बंदीही आली होती. चित्रांत आहे म्हणजे लहान मुलांचंच, हे आपणच ठरवून टाकलेलं. म्हणून एक सांगून ठेवते, ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे मालिका कितव्या वयासाठी आहे ते आधी बघावं. काहींत मारामारी, रक्त आणि नको ती दृश्यंही असतात.

मग लेकीनं माझ्यासाठी निवडून लावला तो १९९१ चा एक चित्रपट, ‘ओन्ली यस्टरडे’. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. म्हणाली, ‘मालिका लांबते. तू आधी एकच बघ.’ टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा काढून यामागाता भागात बहिणीच्या सासरच्या माणसांकडे शेतात राबायला जाते, आणि वाटेत तिला पाचवीतली ती स्वतः सारखी आठवत राहते. घरात पहिल्यांदा अननस येतो तो प्रसंग बघा. कापायचा कसा हेच कुणाला माहीत नाही. कापल्यावर एकेक जण तोंड वाकडं करून बाजूला होतो, आणि ती एकटी पोर हट्टानं खात राहते. मला आमच्याकडे पहिल्यांदा आलेला प्रेशर कुकर आठवला. शिट्टी झाली आणि माझी आई परसात पळाली होती!

आणि शेत कसलं आहे, ठाऊक आहे? करडईचं! पहाटे दव असतं तोवर काटे मऊ असतात, म्हणून अंधारात उठून फुलं खुडायची. त्यांचाच तो लाल रंग, आपण ज्याला कुसुंबी म्हणतो तो. पूर्वी उघड्या हातांनी ती फुलं तोडून ज्या मुलींची बोटं रक्ताळायची, त्यांना तो रंग स्वतःच्या ओठाला लावायला जन्मात मिळत नसे, असं त्यात सांगितलं आहे. हे ऐकलं आणि माझा चाकू थांबला. आमच्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. त्यांचं पाणी मुंबईच्या नळांना जातं आणि इथल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात हंडे मांडून टँकरची वाट बघतात. जपानातल्या चित्रानं मला माझाच तालुका दाखवला. लेकीनं नुसतं विचारलं, ‘आवडलं?’ मी म्हटलं, ‘गप, बघू दे.’

आता आमची दोघींची हिंमत वाढली. पुढचा नंबर सासूबाईंचा. त्यांचं मत ठरलेलं. ‘चित्रं नाचतात, त्यात काय बघायचं?’ लेकीनं ह्या वेळी खूप विचार केला. आजीला काय सोसेल? मारधाड नको, फार पळापळ नको, आणि आजीचं काहीतरी त्यात हवं. सासूबाई डोळखांबकडच्या एका पाड्यावरून लग्न होऊन शहापुरात आलेल्या. लहानपणी त्या शेळ्या वळायच्या. म्हणून लेकीनं निवडली ‘हायडी’. १९७४ सालची, बावन्न भागांची, त्याच ताकाहातांची. ह्या मालिकेसाठी ही मंडळी स्वतः स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, घरं, कुरणं बघून आली होती, इतकी त्यांची मेहनत. अनाथ, पाच वर्षांची हायडी डोंगरावर आजोबांकडे येते, अंगावर घातलेले कपड्यांवरचे कपडे वाटेतच काढून फेकते आणि शेळ्यांमागे धावत सुटते.

भाषेचं काय केलंत, असं तुम्ही विचाराल. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं येतात. लेक ती वाचायची आणि आजीला मराठीत सांगायची. सांगताना भर घालायची ती वेगळीच! सासूबाई शेंगा सोलत ऐकायच्या. शेळीचं पिल्लू दिसलं की शेंग हातातच राहायची.

पुढे हायडीला शहरातल्या मोठ्या घरात नेऊन ठेवतात. खायला-ल्यायला भरपूर, पण खिडकीतून डोंगर दिसत नाही. पोर कुणाला काही बोलत नाही आणि रात्री झोपेत चालायला लागते. घरातल्यांना वाटतं, भूत आहे. तिथे सासूबाई एकदम म्हणाल्या, ‘भूत कसलं! ती घराकडं चाललीय.’

आणि मग, मैत्रिणींनो, तेवीस वर्षांत मला कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी नातीला सांगितली. लग्न होऊन आल्या त्या पावसाळ्यात त्या रात्री उठून मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. तिथून माहुलीचा डोंगर काळाकाळा दिसायचा. आपला डोंगर तो नव्हे, हे माहीत होतं, पण डोंगर तरी होता. एकदा त्यांच्या सासूनं बघितलं आणि ‘चोरट्यासारखी काय उभी राहतेस’ म्हणून ओरडली. तेव्हापासून उठणं बंद. एवढं सांगून त्यांनी पुन्हा शेंगा ओढल्या आणि म्हणाल्या, ‘लाव पुढचं. ती घरी जाते का नाही ते बघू.’

जाते हो. डॉक्टरच तिला घरी पाठवायला सांगतो.

सगळ्यांच्या बाबतीत असंच जमलं असं नाही हं. ह्यांच्यासाठी आम्ही जपानी बुद्धिबळ खेळणाऱ्या एका एकाकी मुलाची मालिका लावली, ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’. मला आणि लेकीला त्या मुलाला जेवू घालणाऱ्या तीन बहिणी फार आवडल्या. हे मात्र दुसऱ्या भागाला घोरायला लागले. तिसऱ्या भागानंतर आम्ही नाद सोडला. हेही शिकण्यासारखं आहे. दोन-तीन भाग बघून नाही रुचलं, तर आग्रह करू नये. पोट भरलेल्याला आग्रह केला की चांगलं पक्वान्नही त्याच्या मनातून उतरतं.

खरी परीक्षा मुरबाडला होती. माझ्या धाकट्या भावाची बायको २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेली. भाची तेव्हा चार वर्षांची. आईवडील आमचे आधीच गेलेले. घरात बापलेक दोघंच. खाणावळीचा डबा यायचा. पोर त्यातला भात बाजूला सारायची आणि बिस्किटं खायची. तो बोलायचा नाही. आम्हीही वहिनीचं नाव त्याच्यासमोर काढत नव्हतो.

लेक म्हणाली, ‘मामासाठी एक आहे.’ तिनं गोष्ट सांगितली आणि माझ्या पोटात गोळाच आला. ‘स्वीटनेस अँड लाइटनिंग’, २०१६ ची, बाराच भाग. बायको गेलेला एक गणिताचा शिक्षक आणि त्याची छोटी मुलगी. त्याला स्वयंपाक येत नाही, विकतचं आणून दोघं जेवतात. मग त्याच्याच वर्गातल्या एका विद्यार्थिनीच्या आईच्या हॉटेलात तो त्या विद्यार्थिनीबरोबर स्वयंपाक शिकायला लागतो. पहिल्या भागात काय करतात, तर नुसता भात. मातीच्या भांड्यातला.

मी म्हटलं, ‘वेडी आहेस का? त्याच्या जखमेवर मीठ कशाला?’

ती म्हणाली, ‘आई, मामाच्या घरात त्या विषयावर कुणी बोलतच नाही. ह्यात निदान बोलतात.’

आम्ही दोघी त्यावर चार दिवस भांडलो. हो, भांडलो! ‘बरं’ नव्हतं ह्या वेळी. शेवटी असं ठरलं, की त्याला फसवून काही दाखवायचं नाही. आधी सांगायचं, ह्यात आई नाहीये, बघायचं तर बघ. आणि त्याला रात्री एकट्याला इंग्रजी अक्षरं वाचायचा कंटाळा येईल, म्हणून लेकीनं बाराही भागांची गोष्ट एका वहीत मराठीत लिहून काढली. एका भागाला एक पान. ती वही मी विकत आणून दिली. दुकानात शंभर पानी मागितली तेव्हा मला ती दुसरी, रद्दीत गेलेली वही आठवली. घरी येऊन लेकीच्या हातात देताना मी ‘चुकलं माझं’ म्हटलं. ती ‘ठीक आहे’ म्हणाली. ‘बरं’पेक्षा ते पुष्कळच होतं.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा असते. त्या निमित्तानं किन्हवली-सरळगाववरून एस.टी.नं मुरबाडला गेलो. संध्याकाळी लेकीनं मामाला स्पष्ट सांगितलं आणि पहिला भाग लावला. टी.व्ही.वर स्वयंपाकाचा कार्यक्रम बघून ती छोटी बाबांना सांगते, आईला हे करायला सांग. तिथे भाऊ उठला आणि अंगणात गेला. मी लेकीकडे बघितलं, लेकीनं जमिनीकडे. भाची मात्र डोळे मोठे करून बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही वही तिथेच ठेवून परत आलो. एस.टी.त दोघी एकमेकींशी बोललो नाही.

आठ-दहा दिवसांनी रात्री फोन वाजला. भाऊच होता.

‘ताई, भात लावतोय. पाणी किती पेरं ठेवायचं?’

मी म्हटलं, ‘तांदळावर बोट उभं धर. पहिलं पेर बुडेल एवढं. तांदूळ यंदाचा नवा आहे ना? मग जरा कमीच घाल.’

मागून भाचीचा आवाज आला, ‘आत्या, बाबा सारखं झाकण उघडतायत!’

‘उघडू नको रे,’ मी म्हटलं, ‘वाफ जाते.’ तो हसला. दीड-दोन वर्षांनी मी त्याचं हसू ऐकलं. मालिकेचं नाव त्यानं काढलं नाही, मीही विचारलं नाही.

तर मैत्रिणींनो, माझं सांगणं एवढंच. ज्याला एखादी गोष्ट नावडते, त्याला आपल्या आवडीचं वाढू नये. त्याच्या मनात काय आहे ते आधी बघावं आणि मग त्याच्या बेताचं, थोडंसं, त्याच्या पानात वाढावं. काय आहे ते आधी सांगावं, बघताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बसू नये, आणि नाही रुचलं तर मुकाट्यानं पान उचलावं. आणि तुम्ही स्वतःच नाक मुरडणाऱ्यांपैकी असाल, तर आज संध्याकाळी भाजी निवडायचं ताट घेऊन पोरांच्या खोलीत जाऊन बसा. ‘काय बघतोस’ असं विचारू नका. ‘माझ्यासाठी एक निवडून दे’, असं म्हणा. तुमचं मूल तुम्हांला किती ओळखतं, ते त्याच्या निवडीवरून कळेल.

ती वही अजून मुरबाडलाच आहे. परवा गेले तेव्हा बघितली. बाराव्या पानापुढच्या कोऱ्या पानांवर भाचीनं चित्रं काढली आहेत. मोठ्या डोळ्यांची एक मुलगी, एक पातेलं आणि त्यातून निघणारी भरपूर वाफ. भावाला बजावून आलेय, ही वही रद्दीत जाता कामा नये.